शेवटचा येईपर्यंत

दिवा राहू दे बंद. पहाटे सायकली काढायच्यात तुम्हाला, आणि माझ्या गुडघ्यांनी तर आजच राजीनामा दिलाय. पाठ टेका सगळे. ज्याला झोप येईल त्याने खुशाल झोपावं, मला राग नाही. आमची ही आयुष्यभर माझ्या बोलण्यावरच झोपी गेली, तर तुमचं काय घेऊन बसलात.

भुताची गोष्ट सांगा म्हणालात. भूतबीत मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो माझा शेजारी. त्याचं आणि माझं अंगण लागून आहे, मध्ये एक भिंत. तो दातांच्या कवळ्या बनवतो. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे. माझंसुद्धा. आम्ही सगळे त्याला कवळीवालाच म्हणतो, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

दिवसभर मान मोडून एकेक दात बसवायचा, नाकातोंडात प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि संध्याकाळी घरी आला की नुसता भिंतीकडे बघत बसायचा. पन्नाशीला डॉक्टरने सांगितलं, जरा हातपाय हलवा. लोक अशा वेळी बागेत फिरायला जातात. याने सायकल घेतली. वर साडूलाही घ्यायला लावली. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहतो त्याच घरात वरच्या मजल्यावर. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत फिरतो. दुसऱ्यांचे काटे ठीक करतो, पण स्वतःच्या वजनापुढे त्याने केव्हाच हात टेकलेत. त्याला साखरेचा त्रास, पोटात इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

तर हे दोघे साडू सुट्टीला डोंगर पालथे घालायचे. त्यांना मोठे रस्ते नकोत, गाड्या नकोत. नकाशावर जिथे रस्ता बारीक होत होत पुसट होतो तिथे यांना जायचं. बोगदे झाले आणि वरचे जुने घाट ओस पडले, ते यांचे. कोणती खिंड कुठे उघडते, कुठल्या वळणावर पाणी मिळतं, हे त्यांना पाठ. "तिथे काय मिळतं रे तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं, तर कवळीवाला म्हणाला, "तिथे कोणी तोंड उघडून बसलेलं नसतं."

कोणता घाट म्हणतोस? असाच एक. हा नव्हे. उद्या चढताना उगाच मागेपुढे बघत बसू नका, आधीच तुमचा वेग काय ते मी आज पाहिलंय.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तरी सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. चढावर कोणी कोणासाठी थांबत नाही. ज्याचा त्याचा दम, ज्याचा त्याचा गिअर. पण माथ्यावर पोचलं की थांबायचं. शेवटचा येईपर्यंत एकानेही उतरायचं नाही. आणि कोणी वर आला की विचारायचं, मागे कोणी आहे का? तो म्हणणार, नाही, मी शेवटचा. मग सगळ्यांनी मिळून उतरायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. पण जो हे पाळत नाही त्याच्याबरोबर पुढच्या वेळी कोणी जात नाही.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. अंधारी रात्र होती, चंद्र नव्हता.

कवळीवाल्याला घाटापलीकडच्या गावात एका आजीबाईंची कवळी पोचवायची होती. त्या अंथरुणावरून उठत नाहीत, म्हणून हा स्वतः जाणार. त्याने साडूला विचारलं, आणि साडू काय, तयारच. मेहुणीने, म्हणजे साडूच्या बायकोने, दारातच अडवलं. साडूची साखर त्याच महिन्यात दोनदा उतरली होती, एकदा तर जिन्यात. तिने ग्लुकोजची पुडी साडूला दिली नाही, तो विसरेल म्हणून कवळीवाल्याच्या खिशात कोंबली.

"भाऊजी, हे ऐकायचे नाहीत. तुमच्या भरवशावर सोडतेय. जसे नेताय तसे आणून द्या."

"अगं, काटा जरी कमी भरला तरी परत पाठव," साडू म्हणाला.

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्री-अपरात्री उठून नवऱ्याचं कपाळ चाचपायची सवय लागलेली बाई ती. कवळीवाला म्हणाला, "आणतो." एवढंच.

जाताना मजेत गेले. आजीबाईंची कवळी मात्र उजवीकडे टोचत होती. घासली, बसवली, पुन्हा टोचली. पुन्हा घासली. त्यांना बिस्किट चावता येईपर्यंत हा उठला नाही, आणि तोवर उन्हं गेली. बाहेर येतो तर साडू बसथांब्यावरच्या बाकावर बसलेला. बसला तो उठेना.

"साडूभाऊ, माझं काही खरं नाही आज. पायात जीव नाही. मी बोगद्यातून बसने येतो."

"मग मीही येतो."

"तुम्ही कशाला? तुमचा हा घाट इकडून व्हायचा राहिलाय. जा तुम्ही. मी आपला घरी जाऊन तुमच्या वाटणीचं जेवतो."

कवळीवाला घोटाळला. पण बस यायची होती, बसमध्ये बसलेल्या माणसाला काय होणार? त्याने साडूला पाव खायला लावला. "बसला की फोन करा," म्हणाला आणि निघाला. घाट चढायला लागला तसा फोनचा सिग्नल गेला. बस आली असेल, तो बसला असेल, असं तो धरून चालला.

घाट तसा सोपा, पण दिवसभराचा शीण अंगावर आला होता. रस्त्यावरचं डांबर फुटून मधून गवत उगवलेलं. टॉर्चच्या उजेडात तेवढंच दिसायचं, गवत, खडी, पुढचं वळण. थंडी वाढली. त्याने सगळ्यात हलका गिअर टाकला, तरी पेडल जड लागत होतं. एका वळणावर तो उतरला आणि हँडलवर डोकं टेकून उभ्याउभ्याच डोळे मिटून राहिला. मला म्हणाला, "असा थकवा मला कधी आला नव्हता. माझा एकट्याचा वाटतच नव्हता तो."

मी म्हटलं, वय झालं तुझं.

शेवटी माथा आला. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये खिंड, एका अंगाला दगडी कठडा.

कठड्याला एक सायकल टेकवलेली होती. तिच्याजवळ एक माणूस उभा होता, हात काखेत घालून.

कवळीवाल्याला आधी बरं वाटलं. अशा जागी माणूस दिसला की वाटतंच. पातळसं जाकीट, डोक्याला कानटोपी. चेहरा काही नीट दिसला नाही, आणि तोंडावर टॉर्च मारणं बरं नव्हे म्हणून याने ती खाली धरली.

"आलात?" तो माणूस म्हणाला.

आवाज थकलेला होता. नुसता थकलेला.

"आलो एकदाचा."

"मागे कोणी आहे का?"

सवयीनेच याच्या तोंडून निघालं, "नाही. मी शेवटचा."

तो माणूस हलला नाही.

"नाही," तो म्हणाला. "एक आहे."

"अहो, मी एकटाच आलोय. साडू होते बरोबर, ते बसने गेले."

"एक आहे. त्याचा दिवा थांबलाय."

कवळीवाल्याने कठड्यावरून खाली पाहिलं. खाली काळोख. वळणं दिसत नव्हती. मग दिसला... एक बारीक ठिपका. खूप खाली. पांढरा. हलत नव्हता.

काय असेल ते? कोणा गुराख्याचा कंदील असेल. एखादी काच चमकत असेल. आणि असला कोणी, तर त्याचं तो बघेल. याच्या पुढ्यात उतार होता. पेडलला पायही लावावा लागला नसता, सरळ घर, गरम पाणी, अंथरूण. आणि मागे फिरायचं म्हणजे तेवढंच पुन्हा चढायचं. पाय म्हणाले, नको. पाठ म्हणाली, नको. त्या क्षणी त्याला साडूचा राग आला, आपल्याच भरवशावर सगळे सोडून देतात म्हणून मेहुणीचा राग आला, आणि असा राग आल्याची लाज वाटली.

"तुम्ही कोणासाठी थांबलाय?" त्याने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"एक जण यायचाय."

"केव्हापासून?"

तो माणूस खालच्या काळोखाकडे बघत राहिला.

"खाली जाऊन बघायचं ना मग."

"वर थांबायचं ठरलं होतं," तो माणूस म्हणाला. "थांबलो."

"आणि?"

कवळीवाल्याच्या तोंडातून वाफ निघत होती. टॉर्चच्या उजेडात दिसत होती, भसाभसा. त्या माणसासमोर... काही नव्हतं. एवढा बोलला. एकदाही नाही.

"तुम्ही जा खाली," तो म्हणाला. "मी आहे इथे."

कवळीवाल्याने सायकल वळवली. भीतीने वळवली की काळजीने, ते त्याला आजही सांगता येत नाही. मला म्हणाला, "दोन्ही होतं. आधी कोणतं ते विचारू नकोस."

ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडी झाली. एकेक वळण उतरत तो ठिपका जवळ आला. सायकलचाच दिवा होता. सायकल आडवी पडलेली. मैलाच्या दगडाला टेकून साडू बसला होता, हेल्मेट तसंच डोक्यावर, एवढ्या थंडीत घामाने भिजलेला.

"साडूभाऊ!"

साडूने याच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. "काटा शून्यावर येत नाही," तो म्हणाला. "किती वेळ झाला बघतोय. शून्यावर येत नाही."

याने खिशातून पुडी काढली. घाईत अर्धी सांडली. उरलेली बाटलीत घालून हलवली, आणि साडूला छातीशी धरून घोट घोट पाजली. गिळतोय ना, हे बघत. मग त्याला तसाच धरून बसला. आपलं जाकीट त्याच्यावर घातलं. तो रडत होता, हे त्याने मला स्वतः सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही म्हणाला. मेहुणीला काय सांगू, हे एकच डोक्यात.

खूप वेळाने साडू म्हणाला, "तुम्ही इथे कसे?"

"तुम्ही इथे कसे? बस काय झाली?"

"बसवाला सायकल घेईना."

"मग ठेवायची तिथे. सकाळी आणली असती."

"ठेवायची?" साडू म्हणाला. कोणी बायको बाकावर ठेवून या म्हणावं तसा म्हणाला. तेव्हा कवळीवाल्याचा जीव भांड्यात पडला. माणूस ताळ्यावर आला होता.

हसा, हसा. तुमच्यातला एकजण तरी सायकल टाकून बसमध्ये बसला असता का? हेच म्हणतो मी.

आता परतायचं कसं? मागे गाव लांब होतं. माथा गाठला की पुढे नुसता उतार. दोघे चालत निघाले. कवळीवाला दोन्ही सायकली ढकलतोय, साडू मागून, त्याच्या सीटला धरून. दहा पावलं टाकायची, थांबायचं. बोलायला कोणात त्राण नव्हतं. वर माणूस आहे, हे कवळीवाल्याने साडूला सांगितलं नाही. सांगायचं काय? दरवेळी थांबला की तो वर बघायचा. मग बघेनासा झाला.

खिंड आली.

कठड्याला सायकल नव्हती. माणूस नव्हता. कोणी नव्हतं.

याने श्वास सोडला. गेला बिचारा, उतरला असेल. साडू दोन पावलं मागे होता. कवळीवाला त्याची सायकल सरळ धरून उभा राहिला, आणि त्याला ऐकू आलं, साडू म्हणतोय...

"नाही हो. मीच शेवटचा."

हा गर्रकन वळला.

"कोणाशी बोललात?"

"म्हणजे? तुम्हीच विचारलंत ना आत्ता? मागे कोणी आहे का म्हणून."

याने विचारलं नव्हतं.

याने तोंडही उघडलं नव्हतं.

"चला," कवळीवाला म्हणाला. "माझ्या मागे राहा. माझ्या दिव्यात चालवा. थांबू नका."

उतार लागला. पेडल मारायचं काम नव्हतं. अशा वेळी चाकाचा तो बारीक आवाज येतो बघा, टिकटिकटिक, पाय थांबला की येतो तो. याच्या चाकाचा येत होता. मागून साडूच्या चाकाचा. दोन.

दोन वळणं गेली.

मग त्याला वाटलं... तीन.

कातळावरून आवाज घुमतो. घुमत असेल. त्याने मोजायचं नाही ठरवलं. कान ऐकतच होते.

"साडूभाऊ, ठीक ना?"

"ठीक." मग थोड्या वेळाने, "मागचे कोण आहेत हो? फार जवळून चालवतायत."

याने ब्रेक जरा सोडला.

"बरं वाटतंय पण," साडू म्हणाला. "पाठीला वारा लागत नाही."

"मागे बघू नका."

"का?"

"बघू नका."

एका वळणावर खडी पडली होती. थांबावं लागलं. याने ब्रेक दाबला. साडूने दाबला. दोन्ही चाकं थांबली.

तिसरं... जरा वेळाने थांबलं.

दरी गप्प. याने पाय पेडलवर ठेवला.

टिक. टिक. टिकटिक.

गावाचे दिवे आले. रस्त्यावर कुत्री बसली होती. रोज सायकलमागे धावणारी कुत्री. ती उठली आणि बाजूला झाली. घराशी आले तर फाटक उघडं, आणि मेहुणी अंगणात उभी, शाल गुंडाळून. तिची बहीण तिच्यामागे. साडूला बघताच मेहुणीने एवढंच केलं, पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. नेहमीसारखा. मग कवळीवाल्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळं आलं. त्याला वाटलं, आता इथेच पडावं, या फरशीवर, आणि झोपावं.

तिने साडूला बहिणीच्या हाती दिलं, पण फाटक लावलं नाही. धरून उभी राहिली.

"लाव ना गं," कवळीवाला म्हणाला.

"लावते. ते येऊ देत की आत."

"कोण?"

"ते..." तिने रस्त्याकडे पाहिलं. मग याच्याकडे. पुन्हा रस्त्याकडे. "तिघे होतात ना, वळणावर?"

कवळीवाला फाटकापर्यंत गेला. रस्ता मोकळा होता. पलीकडे दिव्याचा खांब, त्याच्या उजेडात काही नाही. त्याला भीती वाटायला हवी होती, पण भ्यायलासुद्धा अंगात ताकद लागते, ती उरली नव्हती. त्याला फक्त तो आवाज आठवला. थकलेला.

तो रस्त्याकडे बघून म्हणाला, "या. आता मागे कोणी नाही."

थोडा थांबला. जरा सरकून वाट दिली. आणि फाटक लावलं.

साडू बरा आहे. डॉक्टर म्हणाले, अजून अर्ध्या तासाने सापडले असते तर वाचले नसते. दोघे अजून जातात, पण चढावरही आता बरोबरच चढतात, कितीही वेळ लागो. खिंडीतला माणूस पुन्हा कधी दिसला नाही. कोण होता, कोणाला ठाऊक नाही. मी चौकशी केली. घाटाखालच्या गावात कोणी सांगेना.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, दमलेली माणसं, रात्रीची वेळ, डोळ्यांना आणि कानांना काय दोष द्यायचा. पण त्या भिंतीचं काय?

आमच्या दोघांच्या अंगणामधली भिंत म्हणालो ना, तिला ते सायकली टेकवतात. त्या रात्री दोन टेकवल्या, घाईत, मध्ये जागा सोडून. सकाळी त्या मधल्या जागेत भिंतीला ओल आली होती. दोन ठिकाणी. एक हँडलच्या उंचीवर, मुठीएवढी. दुसरी सीटच्या उंचीवर. मध्ये भिंत कोरडी. नळ तिकडे नाही, पाइप नाही, मी प्लंबर आणून दाखवलं. कवळीवाल्याने गिलावा खरवडून नवा केला. रंग दिला. चार दिवसांत ओल परत, तिथेच, तेवढीच. साडू म्हणाला, तिथे मोठी कुंडी ठेवून झाकून टाकू. मेहुणीने ठेवू दिली नाही. "ती जागा राहू दे," म्हणाली. कोणाची ते बोलली नाही, आणि तिला कोणी विचारलंही नाही.

मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, भिंत तापून हात ठेववत नव्हता. तेव्हा मी जाऊन दोन्ही ठिकाणी हात लावला. सीटपाशी गार होतं, ओलं. हँडलपाशीही ओलं... पण तिथे गार नव्हतं. कोणाची तरी मूठ आत्ताच सुटावी, तसं कोमट होतं.